खेकडा एंजिनाचें तेल

वीज आली म्हणजे यंत्राची मळकट बाजू सरते, असा सुशिक्षितांत एक समज आहे. इगतपुरीचा इतिहास त्यास दुजोरा देत नाहीं. १८६५ सालीं आगगाडी थळघाट चढून येथें पोंचली. चढ ३७ फुटांस १ फूट. १९३० सालीं घाटांत वीज आली, आणि चढासाठीं कोळसा व पाणी यांची निकड संपली. तेलाची संपली नाहीं.

जी. आय. पी. रेल्वेनें मालगाड्यांसाठीं आणविलेल्या ४१ विजेच्या एंजिनांस लोक 'खेकडा' म्हणत. त्यांच्या मोटारी थेट चाकांवर बसविलेल्या नव्हत्या. दंतचक्रें, मधला आंस व लांब दांडे यांतून जोर चाकांस पोंचे. म्हणजे अंग विजेचें आणि पाय वाफेच्या एंजिनाचे! प्रत्येक सांध्यांत तेलाचा पातळ थर टिकावा लागे; तो तुटला कीं धातूवर धातु घासून बेअरिंग तापे, आणि त्यांतील मऊ धातु वितळूं लागे. तेल घालणें एक वेळ सोपें; परंतु घाटाच्या धक्क्यांत व पावसांत तें आंत राखणें हें खरें कौशल्य. तें ज्यांच्या हातीं होतें त्यांचीं नांवें आमच्या वाचनांत कोठें आलीं नाहींत. या एंजिनांपैकीं एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत आहे. त्यास मुंबईचे एके काळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव दिलेलें आहे.