गाडीवरचे पांढरे डाग : खडक, पाणी आणि रंग

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, वसई तालुक्यात चिंचोटी हे गाव लागते. येथूनच कामणमार्गे भिवंडीकडे रस्ता फुटतो. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आणि त्यांतला चिंचोटीचा धबधबा. अशा खडकाळ भागात मे महिन्यात विंधनविहिरीच्या पाण्याने काळी गाडी धुऊन उन्हात ठेवली, तर पाणी सुकते आणि रंगावर पांढऱ्या कडांचे ठिपके राहतात. तीच गाडी जुलैत पावसात भिजली, तर असे ठिपके फारसे दिसत नाहीत. पाणी दोन्ही वेळी स्वच्छच दिसते. मग फरक कशाचा?

फरक आहे पाण्याच्या प्रवासाचा. हे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्टचे आहेत. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. ते खडकाच्या भेगांत मुरते आणि त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व थोडी सिलिका विरघळवते. धबधब्याचे पाणी खडकावरून घाईने निघून जाते. विहिरीतले पाणी मात्र खडकाच्या सहवासात बराच काळ राहिलेले असते. अशा पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, म्हणून त्याला दुष्फेन पाणी म्हणतात.

विरघळलेला चुना दिसत का नाही, या कोड्याचे उत्तर अठराव्या शतकात सापडले. १७५६ साली जोसेफ ब्लॅकने दाखवले, की खडूसारख्या पदार्थात एक वायू ‘बांधलेला’ असतो आणि आम्ल टाकताच तो सुटतो. हाच कार्बन डायऑक्साइड. १७६७ साली हेन्री कॅव्हेंडिशने लंडनमधील रॅथबोन प्लेस येथील पंपाचे पाणी तपासले. पाणी उकळले की पांढरा साका बसे. हा चुना जास्तीच्या वायूमुळे पाण्यात टिकून असतो आणि वायू निघून गेला की खाली बसतो, हे त्याने प्रयोगाने सिद्ध केले. गाडीच्या तापलेल्या टपावर सुकणाऱ्या थेंबात तेच घडते. पाणी आणि वायू उडून जातात, कॅल्शियम कार्बोनेट उरते.

१८४१ साली ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्कने पाण्यात चुन्याची निवळी घालून हा जास्तीचा वायू काढून घेण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. चुना घालून चुना काढायचा, असा हा उलटा वाटणारा उपाय! ठरावीक ताकदीच्या साबणद्रावणाने दुष्फेनता मोजण्याची पद्धतही त्याचीच.

पुढचा उपाय आपल्या खडकाच्या नात्यातला आहे. बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची सुंदर खनिजे सापडतात. भोर घाटात रेल्वेमार्ग खोदताना त्यांचे उत्तम नमुने मिळाले. झिओलाइटमधील सोडियम देऊन पाण्यातील कॅल्शियम घेता येते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील रॉबर्ट गान्सने कृत्रिम झिओलाइट वापरून पाणी सुफेन करण्याची रीत व्यवहारात आणली.

आता डागाकडे वळू. ताज्या डागावर पाण्यात मिसळलेले पांढरे व्हिनेगर उपयोगी पडते. ॲसेटिक आम्लाने कार्बोनेट विरघळते आणि ब्लॅकचा तो वायू पुन्हा सुटतो. पत्रा गार असावा, गाडी सावलीत असावी; ओले फडके मिनिटभर ठेवून जागा भरपूर पाण्याने धुवावी व लगेच पुसावी. पण डागात सिलिका असेल, तर व्हिनेगर हरते. येथेच नुकसान होते. डाग जात नाही म्हणून कोणी फरशीचे ॲसिड वापरतो, कोणी घासणी. आजच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर पारदर्शक लेप असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाइतकीही नाही. पॉलिश करणे म्हणजे यातलाच थोडा थर झिजवणे, आणि गेलेला थर परत येत नाही. म्हणून जोर वाढवण्याआधी डाग कशाचा आहे ते विचारावे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे थेंब सुकण्यापूर्वीच पुसणे.

हा इतिहास वर्गात करून पाहता येतो. पावसाचे, नळाचे आणि विहिरीचे पाणी समान मापाने तीन बाटल्यांत घ्या. प्रत्येकीत साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने टाकून हलवा आणि टिकाऊ फेसासाठी किती थेंब लागले ते मोजा. मग प्रत्येक पाण्याचे काही थेंब काचेच्या पट्टीवर उन्हात सुकवा. काच काळ्या कागदावर ठेवली की डाग स्पष्ट दिसतील. त्यांवर व्हिनेगरचा थेंब सोडून भिंगातून बुडबुडे शोधा. न विरघळलेला भाग कशाचा असेल, हे उत्तर मात्र विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.