खुणांच्या भाषांतील सादृश्य

खुणांच्या भाषांतील सादृश्य : कर्णबधिरांच्या भाषांत खूण व तिचा अर्थ यांत आढळणारे रूपसाम्य. या साम्यामुळे त्या भाषा म्हणजे केवळ हावभाव होत, असा समज रूढ होता. मिलान येथील परिषदेने (१८८०) तर कर्णबधिरांच्या शिक्षणातून खुणा वगळून उच्चारपद्धतीचाच पुरस्कार केला. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये हस्ताकार, स्थान व हालचाल हे खुणांचे घटक दाखवून या समजाला छेद दिला. सादृश्यही संकेताधीनच असते : ‘झाड’ या अर्थी अमेरिकन खुणेत उभ्या हाताचा पंजा फिरवितात, डॅनिश खुणेत शेंडा व बुंधा यांची बाह्यरेषा काढतात, तर चिनी खुणेत केवळ खोड दर्शवितात. कालांतराने सादृश्य लोपतेही. ‘घर’ ही अमेरिकन खूण ‘खाणे’ व ‘झोपणे’ यांच्या संयोगातून आली. गालावरील दोन स्पर्शांत तो उगम आज सहसा जाणवत नाही.