नदीखंडांचे वर्गीकरण आणि जीआयएस प्रणाली

खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पणजीजवळ मांडवी या नावाने अरबी समुद्रास मिळते. सह्याद्रीच्या दाट सावलीतील तिचे ओहळ आणि मुखाजवळील रुंद, खारट पात्र यांतील जीवसृष्टी अगदी भिन्न आहे. त्यामुळे परिस्थितिकीचे अभ्यासक संपूर्ण नदीऐवजी तिच्या एकेका खंडाचे वर्गीकरण करतात. त्यासाठी भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस, वापरली जाते.

कार्यपद्धती

प्रथम भूपृष्ठाच्या उंचीची अंकीय माहिती घेतली जाते. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' अवकाशयानातील रडारने केलेले मापन हा तिचा एक प्रमुख स्रोत आहे. नकाशावरील प्रत्येक चौकोनातले पाणी शेजारच्या आठ चौकोनांपैकी सर्वाधिक उताराच्या दिशेने वाहते, असे मानून संगणक प्रवाहांचे जाळे आणि पाणलोट क्षेत्रे आखतो. त्यानंतर प्रवाहांची श्रेणी ठरते. उपनदी नसलेला ओहळ पहिल्या श्रेणीचा. असे दोन ओहळ मिळाले की दुसरी श्रेणी सुरू होते. उतार, विसर्ग, हवामान व भूरचना यांची जोड देऊन खंडाचा प्रकार निश्चित होतो. 'ग्लोरिक' या जागतिक वर्गीकरणात सुमारे ८५ लाख नदीखंडांचा समावेश आहे.

मर्यादा

मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. तेथे पाणी दोन्ही दिशांनी वाहते. कुंभारजुवे कालवा मांडवी व झुआरी यांना जोडतो. एकाच दिशेचा उतार गृहीत धरणाऱ्या पद्धतीत हे बसत नाही. खाजनांचे अरुंद बांध आणि मानशीही ढोबळ उंचीनकाशात दिसत नाहीत. शिवाय पावसाळ्यात जवळजवळ गोडा असणारा खंड उन्हाळ्यात खारट होतो. म्हणून क्षारतेचे ऋतुनिहाय मापन आणि प्रत्यक्ष पाहणी अपरिहार्य ठरते.

उपयोग

म्हादई जललवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकास १३.४२ टीएमसी पाण्याचा वाटा दिला. उगमाकडील प्रवाह घटल्यास उन्हाळ्यात खारे पाणी किती वर सरकेल आणि कोणत्या खंडातील मासे, तिसऱ्या व शेती यांना त्याची झळ बसेल, हे केवळ एकूण वाट्याच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी खंडनिहाय वर्गीकरणाचा आधार घ्यावा लागतो.