पेटीतली टिकटिक

आमच्या वाड्यावर पहिला संगणक आला तो २००२ सालानंतर. मनोहर पर्रीकर सरकारने तेव्हा सायबरएज योजना सुरू केली होती आणि अकरावीतल्या मुलांच्या घरी नाममात्र पैशांत संगणक पोहोचू लागले होते. शेजारच्या घरात ती पेटी आली, तेव्हा सगळा वाडा पाहायला गेला. पाहायला गेलो खरे, पण मला आज आठवतो तो तिचा आवाज. बटण दाबल्याबरोबर पंख्याची घरघर, मग एकच आखूड 'पीं', आणि मग आतल्या आत कोणीतरी सुपात तांदूळ घोळवत असल्यासारखी खरखर. शेजारच्या म्हाताऱ्या माईने विचारले, "भितर हुंदीर रिगला काय रे?" आम्ही सगळे हसलो. माईचे कान मात्र बरोबर होते. यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे त्या काळी कानांनाच आधी कळायचे.

आज कचेरीत माझ्या टेबलावर जो संगणक आहे, तो चालू की बंद हे दिव्याकडे पाहिल्याशिवाय समजत नाही. त्यात फिरणारी तबकडी नाही, पंखाही जेमतेम. बिघडला तरी गप्पच बिघडतो. म्हणून म्हटले, त्या बोलक्या पेट्यांचा इतिहास थोडा लिहून ठेवावा. त्यात माझी एक चूकही आहे. ती शेवटी येईल.

यंत्राचा आवाज ऐकून निदान करणे ही अडाण्यांची रीत आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने १९५१ सालचे मँचेस्टर आठवावे. तिथल्या विद्यापीठात फेरांटी मार्क १ नावाचा संगणक होता आणि त्याला मुद्दाम एक भोंगा बसवला होता. ॲलन ट्युरिंगने या यंत्राची जी माहितीपुस्तिका लिहिली, तिच्यात भोंगा कसा वाजवायचा हेही सांगितले आहे. हिशेब पुढे सरकतो आहे की यंत्र एकाच जागी गरगरते आहे, हे त्या सुरावरून ओळखता येई. त्याच वर्षी बीबीसीने त्या भोंग्यातून वाजलेल्या गाण्यांचे ध्वनिमुद्रणही केले.

आता आपल्या गोव्याचा एक माणूस. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण पोटापाण्याचा धंदा गणिताचा. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेत गेले, ते गणकयंत्रांचा अभ्यास करायला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९६२ पर्यंत होते आणि त्याच संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा भारतात घडवलेला संगणक पूर्णपणे चालू झाला. त्यात सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या यंत्राशी कोसंबींचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. मला त्यांचे दुसरे काम इथे हवे आहे. तक्षशिलेची जुनी नाणी त्यांनी एकेक करून तराजूत घातली. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते, वजनात घटते. त्या घटीवरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो. झिजेवरून इतिहास वाचणे म्हणजे हेच. बिघडू लागलेल्या संगणकाचा आवाज ही तरी काय, झीजच. फक्त ती वाचायला तराजूऐवजी कान लागतो.

असो. खानवेलला जाऊ या.

२००४ हे दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीचे पन्नासावे वर्ष. मी नुकताच इतिहास घेऊन बी.ए. झालो होतो आणि नोकरीची वाट पाहत वर्तमानपत्रांना पत्रे लिहीत होतो. आझाद गोमंतक दल आणि इतर स्वयंसेवकांनी २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा कसे घेतले, पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो सुमारे दीडशे पोलिसांनिशी खानवेलकडे कसा हटला आणि ११ ऑगस्टला उदव्याला त्याने शरणागती कशी पत्करली, असे एक पत्र छापून आले. पंधरा दिवसांनी एक आंतर्देशीय पत्र आले. लिहिणारे खानवेलजवळच्या एका मराठी शाळेतले गुरुजी. मजकूर दोनच ओळींचा. तुम्ही पुस्तकातले लिहिले आहे. ते दिवस पाहिलेली माणसे इथे अजून आहेत, येऊन ऐका.

गेलो. वापीला उतरून सिल्वासा, तिथून वीसेक किलोमीटर दक्षिणेला खानवेल. साकरतोड नदी दुथडी भरलेली, डोंगर पार हिरवे, पाऊस आपल्या सत्तरीसारखाच. गुरुजी पन्नाशीचे. सुट्टीच्या दिवशी पाड्यापाड्यांवर जाऊन वारली आणि कोकणा म्हाताऱ्यांच्या १९५४ च्या आठवणी ते ऐकत, कागदावर उतरवून घेत आणि रात्री घरच्या संगणकावर टाइप करत. पुस्तक काढायचे मनात होते. एकतीस जणांच्या आठवणी झाल्या होत्या. टाइप झाले की कच्चे कागद पाठकोरे म्हणून मुलांना गणिते सोडवायला देत. त्या कागदांचे मोल मला तेव्हा कळले नाही. इतिहासाचा पदवीधर, पण नाही कळले.

संगणक वापीहून आणलेला जुना, जोडणी केलेला. सेलेरॉन प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, २० जीबीची हार्ड डिस्क. दुरुस्तीला माणूस यायचा तर वापीहून, तोही नदी उतरली तर. म्हणून गुरुजींनी स्वतःच एक वही केली होती. शाळेच्या हजेरीपटासारख्या रेघा मारलेली, तीन रकान्यांची: आवाज, अर्थ, उपाय. मी अशी वही दुसरीकडे कुठेही पाहिली नाही.

पहिल्याच संध्याकाळी बटण दाबले तर पडदा काळा, आणि एक लांब, दोन आखूड शिट्या. गुरुजी वहीकडे न पाहताच म्हणाले, "पडद्याचं कार्ड हललंय." बरोबर होते. संगणक सुरू होताना मदरबोर्ड आधी आपलेच अवयव तपासून पाहतो. सगळे ठीक असेल तर बहुधा एकच आखूड 'पीं'. पडद्यावर काही दाखवता येत नसेल तर तक्रार करायला त्याच्याकडे तो चिमुकला स्पीकरच उरतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ही रीत आहे. भाषा मात्र एक नाही. ॲवॉर्डच्या बायॉसमध्ये एक लांब-दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड, लांब शिट्या थांबता थांबेनात तर रॅम. दुसऱ्या कंपनीचा बायॉस असेल तर हिशेब वेगळा. काहीच आवाज नाही, पंखाही नाही, तर दोष वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये असण्याचा संभव मोठा. गुरुजींनी वायर काढली, चार स्क्रू सोडवले, कार्ड उपसले आणि त्याची सोनेरी किनार मुलांच्या खोडरबराने हळूच घासली. पुन्हा बसवले. आखूड 'पीं'. खोडरबराचा हा उपाय गोव्यातही घराघरांत चालायचा. पावसाळी दमट हवेत त्या किनारीवर साय धरते, ती निघाली की काम झाले.

वहीत आणखी बरेच काही होते. सकाळी गार असताना घरघर, अर्ध्या तासाने बंद, म्हणजे पंख्याचे बेअरिंग कोरडे. चिकटपट्टी उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. फरफर आवाज, म्हणजे आतली एखादी वायर पात्यांना लागते, दोऱ्याने बांधावी. दर थोड्या वेळाने बाहेरच्या डब्यातून 'पीं पीं', म्हणजे वीज गेली, यूपीएस बॅटरीवर आला, आता लिहिलेले जतन करा. बारीक, डासासारखी सूं, म्हणजे गुंडाळीची तार थरथरते; त्रास कानाला, यंत्राला धोका नाही. आणि एक नोंद लाल शाईत: 'फट्' आवाज व जळका वास. त्या जूनमध्ये एक पाल एसएमपीएसमध्ये शिरून चिकटून मेली होती. पाल गेली, एसएमपीएस गेला, पगारातले पैसे गेले. तेव्हापासून गुरुजींना पालीची धास्ती.

आवाज न करणारा एक रोगही त्याच वर्षांत फोफावला होता, तो वहीत नव्हता. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगायचे. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या कितीतरी बोर्डांवर निकृष्ट द्रव भरलेले कपॅसिटर बसले होते. डेल कंपनीला त्यापायी २००५ मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. संगणक मध्येच बंद पडे, पुन्हा चालू होई, आणि लोक विंडोजला शिव्या देत. पेटी उघडून त्या नळकांड्यांची डोकी चपटी आहेत की पुरीसारखी फुगली आहेत, एवढे पाहिले असते तरी पुरे होते.

मुक्कामाच्या तिसऱ्या रात्री गुरुजी टाइप करत होते. वीज रात्रीच जरा स्थिर असायची. मी बाजूच्या खाटेवर पडलो होतो. बाहेर पाऊस. मध्येच ऐकू आले: टिक... टिक... टिक. थांबले. संगणक जरा अडखळला, पुन्हा चालू. गुरुजींनी मान वळवून विचारले, "ऐकलंत?" मी झोपेतच म्हणालो, "पाल चुकचुकते आहे, गुरुजी." भिंतीवर खरोखरच एक पाल होती. मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती, ती मात्र गप्प राहिली.

तो आवाज हार्ड डिस्कचा होता. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली डिस्क आणली, रामॅक यंत्राची. चोवीस इंचांच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि त्यात मावे जेमतेम ५ एमबी. पुढे तबकड्या तळहाताएवढ्या झाल्या, पण मूळ गंमत तीच राहिली. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारे डोके तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर, हवेच्या पातळ थरावर तरंगते. डोके कमजोर झाले, वा पृष्ठभाग खरवडला, की त्याला आपली वाट सापडत नाही. मग ते मागे फिरून मूळ जागी येते आणि पुन्हा प्रयत्न करते. तो परत येण्याचा आवाज म्हणजे टिक. घोळवल्या तांदळाची खरखर हे निरोगी डिस्कचे लक्षण. तालात पडणारी टिकटिक हे जाणाऱ्या डिस्कचे. ती ऐकू आली तर करण्यासारखे एकच असते. डिस्क अजून उघडत असेल तर महत्त्वाचे तेवढे आधी दुसरीकडे उतरवायचे, मग यंत्र बंद करायचे. न उघडणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहायची नाही. डोके तबकडीला घासत असेल तर प्रत्येक सुरुवातीला थोडी अक्षरे खरवडली जातात.

गुरुजींनी नेमके उलटे केले, आणि त्यांना दोष कसा देणार? मी गोव्याला परतल्यावर त्यांनी पाल शोधायला पेटी उघडली. सापडली नाही. चालू केला, टिकटिक. बंद केला, हलवून पाहिला, पुन्हा चालू. मग डिस्कवरचे दोष शोधणारा स्कॅनडिस्क रात्रभर लावून ठेवला. आजारी माणसाला डोंगर चढवावा, तसाच हा प्रकार. चौथ्या दिवशी डिस्क दिसेनाशी झाली. वापीच्या एका दुकानदाराने हात टेकले. मुंबईत ती उघडून मजकूर काढून देणारे होते, पण सांगितलेली रक्कम संगणकाच्या किमतीहून जास्त होती.

एकतीसपैकी सात आठवणी वाचल्या, कारण निघताना मी त्या एका फ्लॉपीवर घेतल्या होत्या. त्यांचीही कथा सरळ नाही. घरी उघडल्या तर टोपीवाल्या, टिंबवाल्या रोमन अक्षरांची रांगोळी. गुरुजी श्रीलिपीत टाइप करत आणि तो फाँट आमच्याकडे कोणाकडेच नव्हता. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून आणखी कुठे, अशी ती रांगोळी मी पाच वर्षे सांभाळली आणि २००९ मध्ये युनिकोडमध्ये बदलून घेतली. अजूनही काही जोडाक्षरे तुटलेली आहेत.

बाकीच्यांकडे गुरुजी पुन्हा गेले. १९५४ मध्ये विशीत असलेली माणसे आता सत्तरीत होती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नऊ जण राहिले नव्हते. जे होते त्यांनी पुन्हा सांगितले, पण आधीच एकदा सांगून झालेली गोष्ट माणूस थोडक्यात सांगतो. "मागे सांगितलं ना गुरुजी, तसंच." मागे सांगितलेले कुठे आहे, हे त्यांना कसे समजावणार? पुस्तक निघाले नाही.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी ती तीन रकान्यांची वही मला टपालाने पाठवली. कडांना कसर लागली आहे, अक्षर न् अक्षर मात्र वाचता येते. शेवटच्या पानावर पहिल्या रकान्यात 'टिक टिक टिक' असे आहे. तिसरा रकाना कोरा. मधल्या रकान्यात, त्यांच्या वळणदार अक्षरात: 'गोव्याच्या पाहुण्यांच्या मते पाल.'