वतन गेले, वतनदारी उरली

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी-निमसरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संपावर होते. मीही होतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा वडील म्हणाले, "तू पेन्शनसाठी संप केलास. आम्ही कोणाच्या दारात बसायचं?"

वडिलांनी भिवंडीत तीस वर्षे यंत्रमाग चालवले. मजुरी कापडाच्या मीटरवर, हिशेब पंधरवड्याला. मस्टरवर नाव नाही, फंड नाही. भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा त्यांच्या काळात वीस माणसांच्या कारखान्यापासून लागू होई. म्हणून एकाच छपराखालचे माग कागदावर चार नावांनी वाटले जात आणि वीस माणसे कुठेच भरत नसत.

वडिलांच्या सवालाने मला इतिहासाकडे नेले.

ऑगस्ट १९३७ मध्ये मुंबई विधानसभेपुढे मंत्र्यांच्या पगाराचे विधेयक आले. दरमहा पाचशे रुपये ठरवून काँग्रेसने त्यागाचा आदर्श मांडला होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यावर टीका केली. समाजातील राहणीमान, कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या चार कसोट्यांवर पगार ठरावा, असे त्यांनी मांडले. लोकशाहीच्या कसोटीचा अर्थ मी असा लावतो: घरचा पैसा असणाऱ्यालाच पद परवडणार असेल, तर सत्ता सावकार-जमीनदारांच्या वाड्यातच राहील. इंग्लंडच्या चार्टिस्ट मजुरांनी १८३८ मध्ये खासदारांना वेतन मागितले ते याचसाठी; ते मिळायला १९११ साल उजाडले. तेव्हा लोकप्रतिनिधीला पगार कशाला, या पांढरपेशी कुरकुरीत आपण सूर मिसळू नये. बिनपगारी राजकारण हे श्रीमंतांचे राजकारण असते.

पेन्शनची गोष्ट वेगळी. संविधानाच्या १९५ व्या अनुच्छेदात आमदारांच्या वेतन-भत्त्यांचा उल्लेख आहे, पेन्शनचा नाही. महाराष्ट्राने तिच्यासाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा केला. ऑगस्ट २०१६ मध्ये विधिमंडळाने चर्चेविना ती दरमहा ५०,००० रुपये केली; पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षाचे २,००० वेगळे. त्यासाठी आमदाराच्या वेतनातून वर्गणी कापली जात नाही. नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्याचे दहा टक्के कापले जातात. आणि माग कामगाराचे काय? २०१९ च्या श्रमयोगी मानधन योजनेत एकोणतिसाव्या वर्षी शिरलेल्याने साठीपर्यंत दरमहा १०० रुपये भरायचे, तेव्हा कुठे महिना ३,००० मिळायचे.

काहींना बसून मान, काहींना राबून तुकडा, या व्यवस्थेला आपल्या गावात वतन म्हणत. माझ्या आजोबांनी येसकरकी केली. पाटलाचे वतन मानाचे होते, महाराचे राबण्याचे. चिमूटभर जमीन आणि बलुत्याच्या बदल्यात अख्खे घर रात्रंदिवस बांधलेले असे. हे जोखड सैल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणले. कनिष्ठ वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. मधल्या काळात, १९४२ ते १९४६, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४४ चा आडारकरांचा आरोग्य विम्याचा अहवाल त्याच काळातला. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. मालकानेही भरायचे, कामगारानेही भरायचे, आणि आजारपणात हक्काने घ्यायचे. कृपेच्या जागी हक्क आला तो असा.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी खासदारांच्या पेन्शनविरुद्धची याचिका फेटाळली. कायद्याचा प्रश्न मिटला असेल. न्यायाचा मिटलेला नाही. आमदारांची पेन्शन काढून घ्या, असे मी म्हणत नाही. झोपडीतून विधानसभेत गेलेल्यालाही म्हातारपण असते. पण त्यानेही वर्गणी भरावी, सेवेच्या वर्षांप्रमाणे घ्यावे आणि रक्कम स्वतः ठरवू नये.

आणि हे मागताना आपल्याकडेही पाहावे. सात दिवस मी घोषणा दिल्या. माग कामगाराचे नाव मस्टरवर घ्या, ही घोषणा त्यांत नव्हती. वडिलांना मी अजून उत्तर दिलेले नाही. पुढच्या मोर्चाची पहिली मागणी ती असेल, तरच ते देता येईल.