पन्नास टक्क्यांची अट

पाचगणी हे शाळांचे गाव. इंग्रजांनी हवा खायला वसवलेल्या या गावात आधी इंग्रजांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या, मग पारशांची निघाली, हिंदूंची निघाली, बहाईंची निघाली, अंजुमन-ए-इस्लामचीही आहे. देशभरातून आणि परदेशातूनही मुले इथे येऊन शिकतात. पण टेबललँडवर घोडा फिरवणाऱ्याचा, हॉटेलात भांडी घासणाऱ्याचा किंवा स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात रोजाने जाणाऱ्या बाईचा मुलगा या निवासी शाळांत नसतो. तो नगरपालिकेच्या नाहीतर संस्थेच्या साध्या शाळेत दहावी करतो आणि कॉलेजसाठी एसटीचा पास काढून पसरणी घाट उतरतो, वाईला किंवा पुढे साताऱ्याला. या लेखाचा विषय तो घाट उतरणारा मुलगा आहे. त्यातही तो मुसलमान असेल तर त्याला शिष्यवृत्ती कशाच्या जोरावर मिळते आणि कशामुळे बंद होते, हा.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यानंतर केंद्राने अल्पसंख्याकांसाठी मॅट्रिकपूर्व, मॅट्रिकोत्तर आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी अशा तीन शिष्यवृत्त्या सुरू केल्या. मॅट्रिकोत्तर योजनेचा नियम असा की आधीच्या वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण हवेत आणि घरचे उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत हवे. एकदा मिळाली म्हणजे झाले असेही नाही. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला पुन्हा ५० टक्के. ४८ पडले तर मुलगा पास असतो, पुढच्या वर्गात बसतो, फक्त त्याची शिष्यवृत्ती मागे राहते. आणि रक्कम किती? पदवीला घरून ये-जा करणाऱ्याला निर्वाहभत्ता महिना ३०० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ५७०, शिवाय फीची मर्यादित भरपाई.

सरकारी पैसा आहे, काहीतरी अट असणारच, असे कोणी म्हणेल. मान्य. बिनअटीची मदत इतिहासात फारशी सापडत नाही. मामलुक काळातल्या कैरोत वक्फच्या उत्पन्नातून मदरशातल्या विद्यार्थ्यांना वेतन मिळे आणि गैरहजेरी टिपायला वेगळा माणूस नेमलेला असे, त्याचे पदच ‘कातिब-उल-गैबा’, म्हणजे गैरहजेरीचा लेखनिक. आपल्या जवळचे उदाहरण हवे तर विजापूरचे घ्या. वाई प्रांत आदिलशाहीत होता त्या काळात विजापूरच्या असर महालात अरबी-फारसी शिकणाऱ्या मुलांना जेवण, पुस्तके आणि दरमहा एक होन मिळे, असे ‘बसातीन-उस्-सलातीन’ या विजापूरच्या इतिहासग्रंथात नोंदलेले आहे. वर्षातून एकदा, जिल्हिज महिन्यात परीक्षा होई आणि चमकलेल्यांना इनाम मिळे. म्हणजे इनाम हुशारीला आणि जेवण शिकायला आलेल्याला, असा तो हिशेब दिसतो. हे दोन हिशेब वेगळे ठेवायचे की एक करायचे, यावरच पुढचा सगळा वाद आहे.

हा वाद आधुनिक काळात सगळ्यात स्वच्छ शब्दांत मांडला तो जोतीराव फुल्यांनी. त्यांचे घराणे मूळचे साताऱ्यातल्या कटगुणचे. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षणाबद्दलची त्यांची मागणी सर्वांना ठाऊक असते. शिष्यवृत्त्यांबद्दल त्यात काय आहे, तिकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. फुल्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: सरकारी शिष्यवृत्त्यांची चालू पद्धत ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच उत्तेजन देते, आणि बाकीच्यांचे त्यात नुकसान होते. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे वरवर न्यायाचे दिसते, पण त्याने बाकीच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्यासाठी राखून ठेवा.

त्याच हंटर आयोगाने मुसलमानांसाठी वेगळ्या शिफारशी केल्या होत्या. प्राथमिक शाळेपासून कॉलेजपर्यंत चढत जाणाऱ्या खास शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत काही जागा मुसलमान विद्यार्थ्यांना मोफत ठेवाव्यात, अशा. म्हणजे सच्चर समितीच्या सव्वाशे वर्षे आधी निदान तेच होते आणि औषधही जवळजवळ तेच. निदान इतकी वर्षे तेच राहते याचे वाईट वाटते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता साताऱ्यात येऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव रामजी यांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. पुढे कुटुंब मुंबईला गेले आणि १९०७ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्यांचे गुण दिले आहेत: ७५० पैकी २८२. भागाकार केला तर साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. आजच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या अर्जात हा आकडा भरला असता तर अर्ज तिथेच थांबला असता.

याला एक उत्तर येईल, आणि ते खरे आहे, की त्या काळचे गुण आणि आजचे गुण सारखे नाहीत. तेव्हा मॅट्रिकला पन्नास टक्के म्हणजे मोठी गोष्ट होती, आज दहावीला नव्वदाचे पेढे वाटतात. पण त्या मुलाला मदत करणाऱ्यांनी आकड्यापलीकडे पाहिले, एवढे तरी यातून कळते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि बी.ए.साठी महिना २५ रुपयांची सोय झाली. १९१३ मध्ये सयाजीरावांनीच त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. करार झाला. ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करायची. अट कडकच होती, पण ती पुढच्या कामाबद्दल होती. मागच्या गुणांबद्दल नव्हती. ती पाळायला आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला गेलेही. तिथे कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत, राहायला घर कोणी देईना, पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन हाकलले. विद्यार्थ्याने अट पाळायची तयारी दाखवली आणि समाजाने ती मोडली.

याच माणसाच्या पाठपुराव्याने, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिचा नियम वाचण्यासारखा आहे. मुलगा पुढच्या वर्गात गेला की शिष्यवृत्ती पुढे चालू. टक्के विचारायचे नाहीत. वैद्यकीय-अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमात पहिल्यांदा नापास झाला तरी एक संधी देण्याची तरतूद बराच काळ नियमात होती. दुसऱ्यांदा नापास झाला तर मात्र पुढच्या वर्गात जाईपर्यंत खर्च त्याचा त्याने करायचा. हा नियम लिहिणाऱ्याला गरिबाचे वर्ष कसे वाया जाते याची कल्पना असावी.

सातारा-सांगलीकडे तर अट घालण्याची एक वेगळीच रीत होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१० च्या सुमारास दुधगावला मुलांसाठी आश्रम काढायला हातभार लावला, १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. मराठा, जैन, मुसलमान, महार मुले एका पंगतीत जेवत. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. भाऊराव स्वतः कोल्हापुरात शिकलेले, आणि तिथे शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगही उभे केले होते, त्यामुळे वसतिगृह म्हणजे काय हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांची अट गुणांची नव्हती, श्रमाची होती. शेतात राबा, स्वयंपाक करा, दगड फोडा आणि शिका. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते याच ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. घाम गाळणे कोणालाही जमते. पन्नास टक्के मिळवायला घरात जागा लागते, दिवा लागतो, शिकवणी लागते.

मग आली ईबीसी. आज साठी-सत्तरीत असलेल्या वाचकांपैकी बरेच जण ईबीसीवर शिकले असतील. १९६० च्या आसपास, यशवंतराव चव्हाणांच्या काळात, शिक्षणमंत्री होते पाटणचे बाळासाहेब देसाई. चव्हाण मूळचे देवराष्ट्र्याचे, वाढलेले कऱ्हाडचे. दोघेही कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातले. वर्षाला १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांची फी माफ झाली. जात नाही, धर्म नाही, उत्पन्न पाहायचे. हजेरी लाव, नीट वाग, पास हो. माझ्या मते मराठी मुसलमानांत जी पहिली मास्तर-कारकुनांची पिढी दिसते, तिच्यामागे ही सवलत मोठी आहे. तिचे श्रेय आपण पुरेसे दिलेले नाही.

या सगळ्या परंपरेच्या शेवटी २००७ ची अट ठेवून पाहिली की ती एकदम परकी वाटते. अनुसूचित जातीच्या मुलाला ‘पुढच्या वर्गात जा’, ईबीसीच्या मुलाला ‘पास हो’, आणि मुसलमानाला ‘पन्नास आण’. सच्चर समितीने दाखवले होते की मुसलमान मुले शाळेतून गळतात. गळणारा मुलगा कोणता असतो? पंचाहत्तरवाला सहसा टिकतो. गळतो तो ४५ वाला. त्याच्या घरी कोणीतरी आजारी पडलेले असते, सीझनमध्ये तो बापाबरोबर घोड्यावर उभा असतो, मुलगी असेल तर घाटाच्या एसटीचे वेळापत्रक तिच्या तासांशी जुळत नसते. नेमका तोच अर्जाबाहेर. फुल्यांनी १८८२ मध्ये जो दोष दाखवला तो सव्वाशे वर्षांनी नियम म्हणून छापला गेला.

अट हवीच, असे म्हणणाऱ्यांची बाजूही बघू. शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असते, अर्ज जास्त येतात, काहीतरी चाळणी लागते. टक्क्यांच्या भीतीने काही मुले-मुली अभ्यासाला लागतात, हेही खरे. पण गैरवापर थांबवायला ही अट आहे असे कोणी म्हणाले तर ते पटत नाही. २०२३ मध्ये खुद्द अल्पसंख्याक मंत्रालयाच्या तपासणीत १,५७२ संस्थांपैकी ८३० बनावट किंवा बंद निघाल्या, सुमारे १४४ कोटींचा घोटाळा म्हणून प्रकरण सीबीआयकडे गेले. जी मुले कागदावरच असतात त्यांचे गुणही कागदावर हवे तेवढे लिहिता येतात. पन्नासची चाळणी चोराला अडवत नाही. ती खऱ्या मुलाला अडवते.

अमेरिकेतही सरकारी मदत टिकवायला ‘समाधानकारक प्रगती’ दाखवावी लागते. तिथे पदवीला साधारण ‘सी’ दर्जाची सरासरी आणि घेतलेल्या विषयांपैकी दोन तृतीयांश पूर्ण करणे, अशा अटी कॉलेजे लावतात. कमी पडले तर बहुतेक ठिकाणी आधी सूचना मिळते, आणि आजारपण किंवा घरातला मृत्यू दाखवून अपील करता येते. आपल्या पोर्टलवर गुण भरायचा रकाना असतो. त्या वर्षी घरात मय्यत झाली होती, हे भरायला रकाना नसतो.

डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचे सरकारने संसदेत सांगितले. त्याआधीच्या महिन्यात मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी थांबवली होती. त्यामुळे आता टक्क्यांवर भांडायचे की योजनेवर, असा प्रश्न काही मित्र विचारतात. मी म्हणतो, दोन्हीवर.

आणखी एक गुंता आहे, तो पाचगणी-वाईकडच्या कोणत्याही कॉलेजात दिसेल. एका बाकावर दोन मुसलमान मुले बसली आहेत, एक अत्तार, एक शेख. अत्तार महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत, तसेच बागवान, तांबोळी, मुलाणी. त्या मुलाला राज्याची ओबीसी शिष्यवृत्ती मागता येते, तिथे पन्नासची भिंत नाही. शेजारचा शेख केंद्राच्या अल्पसंख्याक योजनेवर, त्याला ५० हवेत. घरे सारखीच, बाप एकाच स्टँडवर उभे. पण अत्तारच्या मुलाला आधी जातीचा दाखला लागतो, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो, ‘मुसलमान’. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तेवढाही नसतो. मग दाखला होत नाही, आणि अत्तारही शेखच्या रांगेत येऊन उभा राहतो.