उसावर चालणाऱ्या मोटारींची गोष्ट

मळी आंबवून मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, तयार होतो हे आपण वर्गात शिकवतो. तो जळतो हे स्पिरिटचा दिवा दाखवतोच. पण देशभरच्या मोटारी त्यावर चालवायच्या म्हटले की प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा राहत नाही. ब्राझीलचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

१९७३-७४ मध्ये खनिज तेलाचे भाव चौपट झाले. ब्राझील तेव्हा गरजेच्या सुमारे ८० टक्के तेल आयात करत असे. त्यात १९७५ साली साखरेचे भाव घसरले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तेथील लष्करी सरकारने ‘प्रोआल्कूल’ योजना सुरू केली. आधी पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यावर भर होता. त्यासाठी तो निर्जल लागतो. पाणी जास्त झाले तर मिश्रणाचे दोन थर होतात. १९७९ साली तेल पुन्हा भडकले आणि निव्वळ मद्यार्कावर चालणाऱ्या मोटारी बाजारात आल्या. या मोटारींना थोडे पाणी असलेला मद्यार्कही चालतो. १९८० च्या दशकाच्या मध्यास विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊ अशा होत्या.

१९८६ साली तेल स्वस्त झाले. सरकारला मद्यार्काचा आर्थिक भार जड वाटू लागला. पुढे साखरेला चांगला भाव आला, तसा ऊस साखरेकडे वळला. १९८९-९० मध्ये मद्यार्काचा तुटवडा पडला; तेलाची आयात टाळू पाहणाऱ्या देशाला मद्यार्कच आयात करावा लागला. साखर करावी की मद्यार्क, ही निवड कारखानदाराला होती. मद्यार्काची मोटार घेतलेल्या माणसाला मात्र पंपावर ताटकळण्यावाचून गत्यंतर नव्हते. लोकांचा विश्वास उडाला आणि १९९० च्या दशकात अशा मोटारींची विक्री जवळजवळ थांबली.

मद्यार्क पुन्हा रुळावर आला तो २००३ साली. पेट्रोल, मद्यार्क किंवा दोहोंचे कोणतेही मिश्रण चालणाऱ्या मोटारी त्या वर्षी तेथे विक्रीस आल्या. धुरातील ऑक्सिजन मोजून इंजिन स्वतःच इंधनाचे प्रमाण जुळवून घेते. निवड आता मोटारचालकाच्याही हाती आली.

आपल्याकडे पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर पोचले. त्याआधी, २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर, साखर कमी पडू नये म्हणून केंद्र सरकारने डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले होते. ते पुढे उठले; पण त्या हंगामात महाराष्ट्रातील कारखान्यांनाही आपले बेत बदलावे लागले. मोटार पंधरा वर्षे वापरायची असते, ऊस मात्र दर वर्षी पावसावर आणि भावावर हेलकावतो. इंधनाचे नियोजन करताना या दोन कालमानांचा मेळ घालावा लागतो.

विद्यार्थ्यांना एक गणित देता येईल. एक लिटर मद्यार्कात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. पेट्रोल १०० रुपये लिटर असेल, तर मद्यार्क कितीपर्यंत परवडेल? उत्तर ६७ च्या आसपास येईल. मग विचारावे : पुढच्या वर्षी साखर महागली, तर हा भाव टिकेल का? आणि नाही टिकला, तर भुर्दंड कोणी सोसायचा?